साप गिळलेलं भक्ष्य पुन्हापुन्हा बाहेर टाकतोय? काय करायचं आणि किती थांबायचं

आधी वास येतो. टाकीचं झाकण उघडायच्या आतच कुजलेल्या मांसाचा वास नाकात शिरतो. मग कोपऱ्यात दिसतो ओला, बुळबुळीत, लांबुळका झालेला उंदीर. डोक्याकडचे केस गळालेले, कातडी पांढुरकी पडलेली. साप मात्र दुसऱ्या टोकाला घट्ट वेटोळं घालून बसलेला असतो.

पाहिल्यावर जीव कळवळतो आणि लगेच वाटतं, बिचारा उपाशी राहिला, दुसरा उंदीर द्यावा. माझ्या पाहण्यात सापांचं सगळ्यात जास्त नुकसान याच मायेपोटी झालंय. पहिल्या उलटीने निरोगी साप सहसा मरत नाही. तिसऱ्या-चौथ्या उलटीपर्यंत मात्र त्याची हाडं दिसायला लागतात, आणि त्या पुढच्या उलट्या बऱ्याचदा आपण घाईने खाऊ घातल्यामुळे झालेल्या असतात. पोट रिकामं ठेवणं हाच इथला पहिला उपचार आहे. पुढे जे लिहिलंय ते करताना हे सतत ध्यानात ठेवा.

आधी ओळखा: नेमकं काय बाहेर पडलंय

गिळता गिळता दचकून साप भक्ष्य तोंडातून सोडून देतो, ती उलटी नव्हे. उंदीर कोरडा असतो आणि वासही येत नाही. टाकीवर कापड टाका आणि सापाला एकटं सोडा.

गिळल्यानंतर काही तासांत किंवा दिवसाभरात जवळजवळ अख्खा उंदीर बाहेर आला, तर बहुतेक वेळा कारण बाहेरचं असतं. साप हाताळला गेला, भक्ष्य फार मोठं होतं किंवा काहीतरी पाहून साप घाबरला. दोन ते पाच दिवसांनी अर्धवट पचलेला, घाण वासाचा लगदा आला तर संशय आधी तापमानावर घ्यायचा आणि तापमान बरोबर निघालं तर आजारावर. हा काटेकोर नियम नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून कळतं. म्हणून उलटी झाल्याबरोबर 'खाल्ल्यापासून किती तासांनी' हे आधी लिहून ठेवा. डॉक्टरही पहिला प्रश्न हाच विचारतील.

हे इतकं गंभीर का, ते समजून घ्यायला बर्मीज अजगरावर झालेलं संशोधन उपयोगी पडतं. दोन जेवणांच्या मधल्या काळात या अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतंच. भक्ष्य पोटात गेलं की एक-दोन दिवसांत तिथे तीव्र आम्ल तयार होतं, लहान आतड्याचं वजन साधारण दुप्पट होतं आणि हृदय सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं. सगळ्याच सापांत बदल इतका टोकाचा नसतो. पण पचनाची ही सगळी मांडामांड प्रत्येक सापाला आपल्या अंगातली शक्ती खर्चून करावी लागते. उलटी होते तेव्हा ती शक्ती वाया जाते, पाणी जातं, आणि आम्ल उलट्या दिशेने वर येताना अन्ननलिकेचं आतलं अस्तर भाजून निघतं. त्या भाजलेल्या वाटेवरून चार दिवसांनी पुन्हा केसाळ उंदीर ढकलला, तर तो परत येणार नाही तर काय होईल?

पहिला तास

हातमोजे घाला. बाहेर पडलेल्या भक्ष्याचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवलीत तर उत्तम. मग ते झिपच्या पिशवीत घालून, पिशवी डब्यात बंद करून थंड जागी ठेवा. घरच्या जेवणाच्या फ्रिजमध्ये नको, बर्फ घातलेला वेगळा डबा चालेल. डॉक्टरांना ते दिवसाभरात मिळालं तर तपासणीला फार उपयोगी पडतं. ही उलटी दुसरी किंवा तिसरी असेल तर हे अजिबात टाळू नका.

आता सापाकडे फक्त पाहा. तोंडाभोवती फेस, रक्त किंवा चिकट लाळ दिसते का? तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय का? मान वर वळवून एकटक बघत राहतो का? उताणं केलं तर सुलट होता येत नाही, असं आधी कधी जाणवलंय का? यातलं काहीच नसेल तर त्याला उचलू नका. घाण झालेली माती किंवा भुसा काढा, पाण्याचं भांडं धुऊन ताजं पाणी भरा. उलटी झालेल्या सापाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, तेव्हा स्वच्छ पाणी ही त्याची पहिली गरज.

संपूर्ण सफाई दुसऱ्या दिवशी करा. साप झाकणाच्या, हवेशीर डब्यात घाला आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यासारख्या काट्यावर वजन ग्रॅममध्ये घ्या, म्हणजे दोन कामांसाठी एकदाच उचलावं लागेल. टाकी साबणाने धुवा, मग सुमारे तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून पुसा, दहा मिनिटांनी खळखळून धुवा आणि पूर्ण कोरडी करा. ब्लीचमध्ये अमोनियाचं कोणतंही द्रावण मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. सापांच्या विष्ठेतून आणि उलटीतून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग माणसाला होऊ शकतो, त्यामुळे हात साबणाने धुणं आणि लहान मुलांना लांब ठेवणं आलंच.

तापमान: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

सापाला स्वतःची उष्णता तयार करता येत नाही. पोटातलं भक्ष्य पचायचं की कुजायचं, हे बाहेरच्या उष्णतेवर ठरतं. पुरेशी ऊब नसेल तर पाचक रस मंदावतात, जिवाणू पुढे जातात, भक्ष्य आतूनच सडून वायूने फुगतं, आणि सापापुढे ते बाहेर टाकण्याशिवाय मार्ग उरत नाही. एका अर्थी ती उलटी त्याचा जीव वाचवते.

बॉल पायथनला उबदार बाजूला 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला 24 ते 27 अंश लागतात. कॉर्न स्नेकला उबदार बाजू 29 ते 31 आणि थंड बाजू 21 ते 24 पुरते. बोआ कॉन्स्ट्रिक्टरच्या उबेच्या जागेचं तापमान बॉल पायथनइतकंच ठेवा. जास्त उष्णताही तितकीच वाईट. उबेची जागा 35 अंशांच्या वर गेली आणि सापाला पळायला थंड कोपरा नसेल, तरी उलटी होते.

आता खरी मेख. हे आकडे सापाचं पोट जिथे टेकतं तिथले आहेत, काचेला वर चिकटवलेल्या गोल तबकडीवरचे नाहीत. माझ्याकडच्या एका तरुण कॉर्न स्नेकने सलग दोनदा उलटी केली तेव्हा ती तबकडी 30 दाखवत होती, आणि मी आठवडाभर उंदरांना दोष देत बसलो. शेवटी वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणला आणि त्याचं टोक लपायच्या खोक्याखाली, साप पडून राहतो बरोबर तिथे ठेवलं. आकडा 24 वर थांबला. भुसा उपसून पाहिला तर थर्मोस्टॅटचा, म्हणजे ऊब ठरावीक पातळीवर ठेवणाऱ्या यंत्राचा, प्रोब (तापमान मोजणारं टोक) घसरून हीट मॅटच्या, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चादरीच्या, काठावर वेडावाकडा चेपला गेला होता. तो मॅटची ऊब लवकर पकडायचा, समजायचा की पुरे झालं, आणि मॅट बंद करून टाकायचा. मी प्रोब जागेवर बसवला, चिकटपट्टीऐवजी क्लिपने पक्का केला. त्या सापाने नंतर उलटी केली नाही. आठवडाभर बिचारा थंड फरशीवर अन्न पचवायला धडपडत होता, याचं वाईट मला आजही वाटतं.

तेव्हा हे मोजमाप आजच करा. डिजिटल प्रोबचं टोक उबदार खोक्याच्या आत जमिनीवर, दुसरं थंड बाजूला. पृष्ठभागावर मारायचं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दिवसातून तीनदा नोंद घ्या. त्यातली एक नोंद पहाटेची हवीच, कारण रात्री खोली गार होते आणि आपण झोपलेलो असतो. रात्री वीज जाते का, खिडकी उघडी राहते का, कोणी हीटरची वायर काढून फोन चार्जिंगला लावतं का, हेही बघा. आणि हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावू नका, साप भाजतो.

दोन्ही टोकांना लपायला जागा द्या. एकच खोकं आणि तेही थंड बाजूला असेल, तर घाबरट साप उबेपेक्षा आडोसा निवडतो आणि भरल्या पोटाने गारठत बसतो. टाकी बरोबर तापलेली असूनही साप ओकतो, त्यामागे हे कारण अनेकदा असतं आणि ते पटकन लक्षात येत नाही.

बाकीची कारणं

हाताळणी. खाल्ल्यानंतर किमान 48 तास, शक्यतो 72 तास सापाला हात लावायचा नाही. पोटात फुगवटा दिसत असेल तर तो जाईपर्यंत थांबा. काहीजण वेगळ्या डब्यात खाऊ घालून नंतर सापाला उचलून टाकीत ठेवतात. म्हणजे भरल्या पोटी उचलणं झालंच की. टाकीतच खाऊ घाला.

भक्ष्याचा आकार. उंदराची रुंदी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकीच, फार तर किंचित जास्त. साप तोंड किती उघडू शकतो यावर जाऊ नका, तो पचवू शकेल त्यापेक्षा मोठं सहज गिळतो. पिल्लांच्या बाबतीत वाढ लवकर व्हावी म्हणून दर तीन-चार दिवसांनी खाऊ घालण्याची हौसही नडते. आधीचं पचायच्या आत दुसरं आत गेलं की दोन्ही बाहेर येतात.

भक्ष्य वितळवणं. गोठवलेला उंदीर बाहेरून मऊ लागतो आणि आत पोटाशी बर्फाचा खडा असतो. तो सापाच्या पोटात गेला की उलटी जवळजवळ ठरलेली. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा, आणि बोटांनी पोट दाबून आत कुठे टणक लागत नाही ना ते तपासा. मायक्रोवेव्ह नको, त्यात काही भाग शिजतो आणि काही कच्चा गार राहतो. वितळून उरलेला उंदीर पुन्हा गोठवू नका, आणि हिरवट पोटाचा किंवा वास मारणारा सरळ फेकून द्या.

ताण. नवीन घरी आलेला साप पाच-सात दिवस निवांत ठेवून मगच त्याला पहिलं खाणं द्या. एका टाकीत दोन साप असतील तर आजच वेगळे करा. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले असतील तर ते खाणं चुकवलं तरी चालतं. थंडीची सुप्तावस्था देणार असाल तर आधी दोन-तीन आठवडे खाणं बंद ठेवून पोट पूर्ण रिकामं होऊ द्यावं लागतं.

काही जाती मुळातच नाजूक पोटाच्या. एमराल्ड ट्री बोआ त्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि बोआची लहान पिल्लंही. त्यांच्या बाबतीत पुढचे सगळे कालावधी वाढवून धरा.

उपवास

पहिल्या उलटीनंतर 14 दिवस काहीही खायला देऊ नका. अगदी लहान पिल्लू असेल तर 10 दिवस, त्याहून कमी नाही. दुसऱ्यांदा झाली असेल तर तीन आठवडे, आणि त्या तीन आठवड्यांत डॉक्टरांची भेट.

हा काळ पाळणाऱ्याला जड जातो. साप काचेला नाक घासेल, तुमच्या हालचालीकडे जीभ लपलपवत बघेल, भुकेला असल्याची सगळी चिन्हं दाखवेल. भूक लागणं म्हणजे पोट बरं होणं नव्हे. चांगल्या वजनाचा प्रौढ साप कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो, त्याचं शरीर त्यासाठीच बनलेलं आहे. पण पिल्लांकडे साठा कमी असतो, म्हणून त्यांचं वजन दर चार दिवसांनी घ्या.

या काळात ऊब नेमकी, पाणी रोज ताजं आणि टाकीवर शांतता, एवढंच. कातडी सुरकुतलेली किंवा चिमटीत धरल्यावर उभी राहत असेल तर झाकणाच्या डब्यात कोमट, म्हणजे 28-30 अंशांचं पाणी घाला, सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंत, आणि पंधरा मिनिटं समोर बसून त्याला भिजू द्या. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे प्रोबायोटिक्स अनेकजण पहिल्या भक्ष्यावर भुरभुरतात. माझं मत असं की त्याने फारसं बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर उपवासाचा एकही दिवस कमी करू नका.

पहिला घास

पंधराव्या दिवशी नेहमीच्या भक्ष्याच्या वजनाच्या एक तृतीयांश, फार तर निम्मं भक्ष्य द्या. 300 ग्रॅमचा साप एरवी 30 ग्रॅमचा उंदीर खात असेल तर आता 10 ते 15 ग्रॅमचा. लहान सापाला पिंकी, म्हणजे केस न आलेलं पिल्लू, कारण ते लवकर पचतं. उंदीर केसाळ असेल तर पाठीवर धारदार ब्लेडने दोन-तीन उथळ चिरा द्या, पाचक रस आत लवकर पोचतो. भक्ष्य पूर्ण वितळलेलं आणि उबदार असू द्या, चिमट्याने द्या आणि खोलीतून निघून जा.

मग पाच दिवस टाकी उघडायची ती फक्त पाण्यासाठी. ज्या घरात मुलं उत्साहाने सापाला बघायला येतात, तिथे मी काचेवर वर्तमानपत्र चिकटवतो.

हे पचलं तर दहा दिवसांनी पुन्हा तेवढंच. वाढवायचं नाही. तिसऱ्यांदाही तेवढंच. तीन जेवणं पोटात टिकली की मग चौथ्याला थोडं मोठं, आणि असं करत दोन-तीन महिन्यांत नेहमीच्या मापावर या. मधे वजन कमी भरलं तर जेवण मोठं करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा आकार तोच ठेवून दोन जेवणांमधलं अंतर एखाद-दुसऱ्या दिवसाने कमी करा, तेही तीन जेवणं टिकल्यानंतरच.

डॉक्टर कधी

दुसरी उलटी झाली की प्रश्न घरच्या घरी सोडवायचा राहिला नाही. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठा. पहिल्याच उलटीत रक्त दिसलं, अंगाच्या मधोमध कायमचा फुगवटा आला, वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तोंडात फेस किंवा पू दिसला, तर दुसरीची वाट पाहू नका.

सोबत उलटीचा नमुना, ताजी विष्ठा, वजनाची वही आणि तापमानाच्या नोंदी न्या. विष्ठेच्या तपासणीत गोल कृमी, कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी), अमीबा सापडू शकतात. यातला एंटामीबा इन्व्हाडेन्स सापांना फार वेगाने मारतो, तर कासवं बऱ्याचदा तो बाळगूनही ठणठणीत दिसतात. म्हणून कासवाचं पाणी, भांडी किंवा चिमटा सापाकडे येऊ देऊ नका. जंत किंवा अमीबावरची औषधं स्वतःच्या अंदाजाने देऊ नका. मेट्रोनिडाझोलचा डोस जास्त झाला तर सापाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो.

ज्या आजाराची मला सगळ्यात धास्ती वाटते तो क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस या परजीवीचा. तो जठराच्या भिंतीत बसतो, भिंत जाड होत जाते, आणि साप खाल्ल्यानंतर काही दिवसांनी पुन्हापुन्हा ओकतो. हळूहळू साप काठीसारखा बारीक होतो आणि मधे जठराच्या जागी मात्र गाठ आल्यासारखा फुगवटा. यावर खात्रीचा इलाज नाही. निदानासाठी उलटीचा, विष्ठेचा किंवा जठर धुतलेल्या पाण्याचा नमुना घेऊन पीसीआर किंवा विशेष रंगाची तपासणी करतात. परजीवी रोज बाहेर पडत नाही, त्यामुळे एकदा अहवाल स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करून घ्या. ब्लीचने तो मरत नाही. वाफेची उष्णता आणि पूर्ण कोरडेपणा यांचा उपयोग होतो.

बोआ आणि अजगरांत आणखी एक आजार आहे, इन्क्लुजन बॉडी डिसीज. त्यामागे रेप्टारेनाव्हायरस गटातले विषाणू असतात आणि हा संबंध 2012 च्या सुमारास समोर आला. बोआमध्ये वारंवार उलटी हे त्याचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. मान वळवून आकाशाकडे बघणं, तोल जाणं हे नंतर येतं. गोचिडीसारखे बारीक माइट्स तो पसरवत असावेत असा संशय आहे, म्हणून पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके बुडालेले दिसतात का ते पाहा.

घरात आणखी साप असतील तर ओकणाऱ्या सापाची टाकी वेगळ्या खोलीत हलवा. त्याचा चिमटा, भांडं, हातमोजे वेगळे ठेवा, आणि रोजचं काम करताना त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जा. नव्या सापालाही घरात आणल्यावर 90 दिवस असंच वेगळं ठेवायचं.

नळीने किंवा जबरदस्तीने खाऊ घालण्याचे व्हिडिओ बघून ते करून पाहू नका. भाजलेल्या अन्ननलिकेला नळीने भोक पडू शकतं, शिवाय त्या झटापटीच्या ताणानेच पुन्हा उलटी होते. डॉक्टरांना गरज वाटली तर ते करतील किंवा तुम्हाला समोर बसवून शिकवतील.

सुधारणा कशी ओळखायची

पाच दिवस उलटले, उलटी नाही, म्हणजे जिंकलो असं नाही. विष्ठेची वाट पाहा. लहान घास दिल्यानंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत तपकिरी, आकार धरलेली विष्ठा आणि तिच्यासोबत खडूसारखा पांढरा युरेटचा (सापाच्या घट्ट लघवीचा) खडा दिसायला हवा. ती पातळ, आवेची किंवा हिरवट असेल तर पुढचं जेवण थांबवा आणि नमुना डॉक्टरांकडे द्या. चांगली असेल तर तारीख वहीत लिहा, सापाला काट्यावर ठेवा, आकडा लिहा, आणि पुढचा छोटा उंदीर रात्रभर वितळायला फ्रिजमध्ये काढून ठेवा.